तिथे दुखत नसतं

प्रिय ठकूबाई,

तुझं पार्सल परवा पोचलं. टाचेखाली ठेवायच्या मऊ गाद्या, तळव्याखाली फिरवायचा काटेरी चेंडू आणि रात्री पाय बांधून झोपायचा तो पट्टा, सगळं नीट मिळालं. चेंडू तुझ्या आईने लगेच ताब्यात घेतला. दिवसभर हातात घेऊन बसली होती, मी मागितला तर द्यायला तयार नव्हती. पट्टा खुर्चीवर ठेवून मी चहा टाकायला गेलो, तेवढ्यात तिने तो खुर्चीच्याच पायाला बांधून टाकला. मला हसू आलं, पण सोडवायला खाली बसलो तर बघतो काय, पट्टा आणि लाकूड यांच्यामध्ये बरोबर दोन बोटं जातील एवढी जागा सोडलेली. पट्टा आवळून बांधायचा नसतो, रक्त अडतं, हे ती तिच्या हाताखालच्या मुलींना घसा कोरडा होईपर्यंत सांगायची. तुझं नाव आता तिला सांगता येत नाही. पण दोन बोटांची जागा सोडायला ती विसरत नाही.

पार्सलमध्ये तुझी चिठ्ठीही होती. ती मी पुन्हा पुन्हा वाचली. तू रविवारी येणार, सोमवारी मला त्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेणार, टाचेचं ऑपरेशन ठरवणार, आणि आईसाठी त्या टेकडीजवळच्या, वृद्धांना सांभाळणाऱ्या घरात खोली बघून ठेवली आहेस. ‘तेवढ्यापुरतं’ असं लिहिलंयस. तो शब्द लिहिताना तुझं पेन अडखळलेलं दिसतंय. मला राग आला नाही बघ. तू लहानपणापासून अशीच, सगळं आखून रेखून करणारी. चिठ्ठीत तू विचारलंयस की, बाबा, सकाळी तुम्हालाच धड उभं राहता येत नाही, तुम्ही आईला कसं सांभाळणार? तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे. पण त्यासाठी मला जरा लांबून यावं लागेल, आणि ते फोनवर जमत नाही. फोन आला की ती माझ्या शेजारी येऊन बसते आणि माझ्या तोंडाकडे बघत राहते. तिला काय कळतं, काय नाही, देव जाणे. म्हणून ती दुपारची झोपली असताना हे लिहायला बसलोय. मधेच उठली तर थांबावं लागेल. अक्षर वाकडं झालं तर समजून घे.

आमची भेट दवाखान्यात झाली हे तुला माहीत आहे. ‘बाबा पेशंट होते आणि आई फिजिओथेरपिस्ट’ एवढंच तू मैत्रिणींना सांगायचीस आणि त्या खिदळायच्या. पण ती गोष्ट तुला पूर्ण कोणीच सांगितलेली नाही. मी तेव्हा त्या मोठ्या कपड्यांच्या दुकानात नुकता कटिंग मास्तर झालो होतो. टेबल माझ्या कमरेला लागेल एवढं उंच, खाली दगडी फरशी, पायात कागदासारख्या पातळ सपाट चपला. सकाळपासून दिवे लागेपर्यंत उभा. बसून कापड कापता येत नाही, हात फिरत नाही. वर्ष-दीड वर्ष तसं काढल्यावर एके दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला आणि मी ओरडलोच. टाचेच्या खाली, जरा आतल्या बाजूला, जसा काही कोणी दाभण खुपसला. भिंत धरून चार पावलं टाकली, आणखी चार टाकली, तसा पाय हळूहळू मोकळा होत गेला. मला वाटलं, आखडला असेल. पण दुसऱ्या दिवशी तेच. जेवायला बसलं की बरं, उठलं की पहिलं पाऊल जीव काढायचं. त्यामुळे दुकानात कोणाचा विश्वासच बसेना. मालक म्हणायचे, ‘मास्तर, टेबलाकडे येताना लंगडता आणि घरी जाताना बरे तुरुतुरु पळता!’ त्यांचंही खोटं नव्हतं. त्या दुखण्याची रीतच तशी असते.

मग काय, जो तो वैद्य झाला. कोणी गरम विटेने शेकायला सांगितलं, कोणी कुठलंसं तेल आणून दिलं, कोणी म्हणालं टाचेच्या हाडाला काटा फुटलाय, तो कापल्याशिवाय सुटका नाही. घाबरून मी मोठ्या दवाखान्यात गेलो. त्यांनी एक्स-रे काढला आणि मला लांबलचक बोळाच्या टोकाच्या खोलीत पाठवलं. आत तुझी आई होती. अंगात पांढरा कोट, पण तो तिच्यापेक्षा दोन मापं मोठा. बाह्या दुमडलेल्या, खांद्याची शिवण पार दंडावर आलेली. माझी नजर तिथेच गेली, धंद्याची सवय. ती म्हणाली, ‘कोटाकडे काय बघताय, पाय दाखवा.’ मी वरमलो आणि पाय पुढे केला.

मग तिचे प्रश्न सुरू झाले. कधीपासून दुखतंय? सकाळचं पहिलं पाऊल जड जातं की दिवसभर? रात्री पडल्या पडल्याही दुखतं का? बधिरपणा, सूज, ताप? काम काय करता? पायात काय घालता? वजन वाढलंय का? घरात अनवाणी फिरता? मी उत्तरं देत गेलो. ती प्रश्न विचारताना पायाकडे बघतच नव्हती. हात पायावर आणि डोळे माझ्या चेहऱ्यावर. एका हाताने अंगठा वर ओढला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाचेच्या आतल्या कडेला दाबलं, आणि मी जवळजवळ टेबलावरून उडालो. ‘हं, इथेच,’ असं म्हणाली, सापडल्याच्या आनंदात. मी विचारलं, काटा कापावा लागेल का? तर म्हणाली, काटा राहू द्या तिथेच. असे काटे पुष्कळ लोकांच्या हाडाला असतात, त्यांना पत्ताही नसतो. तुमचं दुखणं काट्याचं नाही, पट्ट्याचं आहे. तळव्याखालून टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा जातो, चालताना सगळा ताण तो झेलतो. मग एकदम मला विचारलं, ‘तुम्ही सांगा, कपडा अंगाला तंग झाला तर आधी कुठे उसवतो?’ मी म्हटलं, शिवणीवर. ‘तसंच आहे हे. पट्टा जिथे हाडाला जोडलाय तिथे रोज थोडा थोडा उसवतोय. रात्री पाय स्वस्थ असतो तेव्हा तो आकसतो, थोडा जुळतो, आणि सकाळी तुम्ही सगळं वजन टाकून पुन्हा उसवता.’ इतकी वर्षं झाली, पण माझं दुखणं मला इतकं सोपं करून दुसऱ्या कोणी सांगितलं नाही.

उपाय तर इतके साधे होते, की मला फसवणूकच वाटली. सकाळी डोळे उघडले की पाय जमिनीला लावायचा नाही. आधी बसल्या जागी टॉवेल तळव्याला अडकवायचा आणि बोटं आपल्याकडे ओढून धरायची, सोडायची, पुन्हा ओढायची. भिंतीला दोन्ही पंजे टेकून मागचा पाय ताठ ठेवून पोटरी ताणायची, कारण पोटरी आखडली की टाच ओढली जाते. बाटलीत पाण्याचं बर्फ करून तळव्याखाली लाटायची. टाचेखाली मऊ गादी, पायात जाड तळव्याचं पायताण, घरातसुद्धा. मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, ‘दिवस नाही, महिने. घाई असेल तर दुसरीकडे जा.’ तिच्या खात्यात तिला सगळे फौजदार म्हणायचे. कामावरून सुट्टी मिळावी म्हणून पाय धरून येणाऱ्यांना ती बरोबर पकडायची. दुखण्याची जी जागा नव्हेच तिथे दाबायची. तिथे जो कळवळला तो गेला.

मी घाई केली नाही. मन लावून सगळं केलं आणि खरोखरच काही महिन्यांत टाच बरी झाली. पंचाईत ही झाली की ती बरी झाली. आता जायचं कशाला? म्हणून मी तसाच जात राहिलो. बोळात लंगडायचो, खोलीत कण्हायचो. एक दिवस तिने टाचेच्या बाहेरच्या कडेला दाबलं आणि मी आपला ‘आई गं!’ करून मोकळा. तिने पाय खाली ठेवला. म्हणाली, ‘तिथे दुखत नसतं.’ माझे कान तापले. मग तिने विचारलं, ‘दुखत नाही, तर येता कशाला?’ मी काय काय बोलणार होतो, पण तोंडातून खरं तेच गेलं. म्हटलं, ‘तुम्ही विचारता ना, कसं आहे म्हणून. दुसरं कोणी विचारत नाही.’ मी तिचा कोट खुंटीवरून उचलला आणि म्हटलं, हा उद्या आणून देतो. माप घेतलं नव्हतं, नजरेनेच कापला होता. दुसऱ्या दिवशी तिने घालून बघितला, आरशासमोर दोन्ही हात वर केले, खाली केले, आणि म्हणाली, ‘आता दवाखान्यात येऊ नका. घरी या. आमच्या आईला भेटा.’ एवढीच आमची सगळी गोष्ट. याच्यावर मी आयुष्य काढलं, ठकू.

पुढचं तुला माहीत आहे. तिचं आधी किल्ल्या विसरणं, मग रस्ते विसरणं, मग तू बाळाला घेऊन आलीस तेव्हा ‘कोणाचं आहे हो हे?’ असं विचारणं. त्या दिवशी तू मोरीत जाऊन रडलीस, नळ सोडून. मला ऐकू आलं होतं. आता मी तिला कधी दवाखान्याचा शिपाई वाटतो, कधी घरमालक, कधी नुसते ‘अहो काका’. माझं मला वाईट वाटायचं थांबलंय असं मी तुला सांगत आलोय, ते खोटं आहे. रोज वाटतं. जेवण भरवताना ती ‘तुमचे उपकार झाले’ म्हणते ना, तेव्हा मी ताटाकडे बघत पुढचा घास कालवतो.

त्याच काळात माझी टाच पुन्हा दुखायला लागली. तुझी आई सारखी उठून दाराकडे जायची, मी तिच्यामागे. दिवसभर फरशीवर, घाईत, अनवाणी. एवढी वर्षं तिने मला अनवाणी फिरू दिलं नव्हतं, आता बोलणारं कोणी नव्हतं. एका सकाळी पलंगावरून पाय टाकला आणि तोच जुना दाभण. मी ओरडलो आणि परत पलंगावर बसलो. तुझी आई तेव्हा बरेच दिवस जवळजवळ गप्पच असायची, भिंतीकडे तोंड करून. ती उठली. खुर्ची ओढून माझ्या पायाशी बसली. माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि अगदी स्वच्छ, तिच्या जुन्या आवाजात म्हणाली, ‘कधीपासून दुखतंय?’

मी काय उत्तर दिलं मला आठवत नाही. रडत होतो. तिला वाटलं दुखतंय म्हणून रडतोय. म्हणाली, ‘रडू नका, बरं होणारं दुखणं आहे हे.’ सगळे प्रश्न त्याच क्रमाने विचारले. काम काय करता? मी म्हटलं, कटिंग मास्तर. मग कपडा आधी कुठे उसवतो ते विचारलं. टॉवेल मागितला. बोटं ओढली, धरली, सोडली. भिंतीपाशी उभं करून माझी मागची टाच जमिनीला चिकटलीय की नाही हे वाकून बघितलं. तू मागच्या वेळी विचारत होतीस ना, बेडरूमच्या भिंतीवर ते मळके पंजे कसले, रंग का देत नाही? ते माझेच आहेत. आणि जुना पांढरा कोट कपाटात न ठेवता खुंटीला का टांगलाय, तेही विचारलं होतंस. तो कोट ती सकाळी उठल्यावर स्वतः घालते. बटणं चुकत नाहीत. एरवी गाऊनची बटणं मला लावून द्यावी लागतात.

तेव्हापासून रोज सकाळी आमचा दवाखाना भरतो. ती मला ‘तुम्ही’ म्हणते, मी तिला ‘मॅडम’ म्हणतो. ती विचारते, मी सांगतो. रोज मी नवा पेशंट. कधी रागावते, ‘व्यायाम केला नाहीत, खोटं बोलू नका’ म्हणते. कधी तिच्या हाताखालच्या कुठल्याशा मुलीला हाक मारते, ‘बघ गं, इथे दाब, हलक्या हाताने.’ अर्धा-पाऊण तास ती हुबेहूब ती असते. पाठ ताठ, आवाजात जरब, डोळ्यांत समज. मग काम संपलं की कोट काढते, खुंटीला लावते, आणि खिडकीपाशी जाऊन बसेपर्यंत पुन्हा निघून गेलेली असते. मी तिच्याकडे बघत राहतो. पण मला दिवस ढकलायला तेवढं पुरतं. तिलाही पुरत असावं, कारण दुपारी जेवताना कधी कधी कामावरून दमून आलेल्या माणसासारखी समाधानी दिसते.

मागच्या मुक्कामात तू मला सकाळी भिंत धरून लंगडताना बघितलंस आणि त्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेलीस. भला माणूस. एक्स-रे बघून म्हणाला, काटा आहे, पण काट्यावर खापर फोडू नका. व्यायाम, गादी, वजन, धीर. बहुतेकांना तेवढ्याने बरं वाटतं. नाहीच वाटलं तर इंजेक्शन, तेही ऊठसूट नाही. आणि सगळे उपाय थकले तर एखाद्यालाच ऑपरेशन. तू नेमका शेवटचा शब्द घेऊन घरी आलीस! तुझंही बरोबर आहे म्हणा, मी तुला सांगत होतो की बाकी सगळं करून झालंय. डॉक्टरने माझी टाच दाबताना माझ्याकडे जरा निरखून बघितलं होतं. मी त्याच्याकडे न बघता बाहेरच्या झाडाकडे बघत बसलो.

आता जे घडलं ते सांगतो. तुझी चिठ्ठी यायच्या थोडंच आधीचं आहे. सकाळी ती कोट घालून आली, पाय मांडीवर घेतला. मला रात्री नीट झोप नव्हती, डोळे मिटत होते. तिने दाबलं आणि मी सवयीने ‘आई गं’ केलं. तिचे हात थांबले. मी डोळे उघडले, तर तिचा अंगठा टाचेच्या बाहेरच्या कडेवर होता. माझ्याकडे बघत होती, डोळे बारीक करून, अगदी तशीच. म्हणाली, ‘तिथे दुखत नसतं.’ आणि मग, ठकू, शब्दन् शब्द तोच, ‘दुखत नाही, तर येता कशाला?’

मला वाटलं, ती परत आली. खरंच वाटलं. एवढ्या वर्षांपूर्वीची ती खोली, तो बोळ, सगळं तिच्या हाताला सापडलं आणि आता ती मला नावाने हाक मारणार. मी तेव्हा दिलं होतं तेच उत्तर दिलं, ‘तुम्ही विचारता ना, कसं आहे म्हणून. दुसरं कोणी विचारत नाही.’ तिने माझा पाय मांडीवरून उचलून हळूच खाली ठेवला. खुर्ची थोडी मागे सरकवली. कोटाची कॉलर नीट केली आणि म्हणाली, ‘असं बोलू नये. माझं लग्न झालंय.’ आवाजात राग नव्हता. एखाद्या भल्या माणसाचा गैरसमज दूर करावा तशी म्हणाली. ‘आमचे हे पण कटिंग मास्तरच आहेत, तुमच्यासारखे.’

मी विचारलं, ‘कसे आहेत ते?’ ती विचार करायला लागली. म्हणाली, ‘बरे आहेत. बोलत नाहीत फारसं. पण माप चुकत नाही त्यांचं.’ आणि कोटाच्या खांद्यावरून हात फिरवला, शिवणीवरून. मग आपल्याशीच पुटपुटली, ‘किती सांगते, अनवाणी फिरू नका. ऐकतील तर शपथ.’ या आजारात एवढ्या दिवसांत ती माझ्याबद्दल काही बोलली असेल तर तेवढंच. मला तिने झिडकारलं आणि त्याच तोंडाने मी अजून तिच्यात कुठेतरी आहे हेही सांगितलं. मी त्या दिवशी हसलो का रडलो, माझं मलाच कळलं नाही. दोन्ही केलं. कामाच्या मावशी आल्या तेव्हा मी पलंगावर तसाच बसलेला होतो आणि त्यांनी विचारलं, ‘काका, टाच फारच दुखतेय का आज?’ मी मान हलवली.

दुसऱ्या सकाळी मी तिच्या आधी उठून बसलो. मनात एकच भीती, आता ती पाय हातात घेणार नाही. पकडलेल्या पेशंटला ती पुन्हा कधी उभं करायची नाही. ती उठली, कोट घातला, बटणं लावली. माझ्यासमोर येऊन थांबली. मी पाय टाकला, भिंत धरली, चेहरा जमेल तेवढा वेडावाकडा केला. तिने खुर्ची ओढली आणि म्हणाली, ‘कधीपासून दुखतंय?’ विसरली होती. त्या एका दिवशी मी त्या विसरण्याला हात जोडले.

तर ठकू, हे पत्र यासाठी आहे. माझी टाच दुखत नाही. गेल्या वर्षीच बरी झाली, तिच्याच हाताने, तिच्याच उपायांनी. तेव्हापासून मी नाटक करतोय, तिच्यासमोर आणि तिच्यामुळे तुझ्यासमोर. तुला आधी सांगितलं नाही, कारण तुझ्या पोटात काही राहिलं तरी चेहऱ्यावर दिसल्याशिवाय राहत नाही. आणि आता सांगावं लागतंय, कारण ज्या दुखण्यापायी मी तिला माझ्याजवळ ठेवून घेतलंय, त्याच दुखण्यापायी तू तिला घेऊन जाणार आहेस. ऑपरेशन रद्द कर. खोलीही रद्द कर. मला उभं राहता येतं, तिच्यामागे धावता येतं, तिला आंघोळ घालता येते. टेकडीजवळच्या त्या घरात बाग आहे, नर्स आहेत, डॉक्टर आहेत, हे मला मान्य आहे. पण तिथे तिला रोज सकाळी दुखरी टाच कोण देणार? हे फार दिवस चालणार नाही, तेही मला कळतं. परवा टॉवेल हातात घेऊन ती क्षणभर तशीच थांबली होती, पुढे काय करायचं ते आठवेना. मी हळूच माझीच बोटं वर ओढून दाखवली, तशी पुन्हा सुरू झाली. एक दिवस ती माझा पाय मांडीवर घेईल आणि काहीच विचारणार नाही. त्या दिवशी मी स्वतः तुला फोन करीन आणि तू म्हणशील तिथे आपण दोघं मिळून तिला पोचवू. तोवर मला तिचा पेशंट राहू दे. रविवारी नक्की ये, बाळालाही आण. आणि सोमवारी सकाळी मी लंगडताना दिसलो, तर हसू नकोस, रडूही नकोस. ती पायाकडे बघत नाही, चेहऱ्याकडे बघते.

तुझाच,
बाबा